सोसायटीच्या लॉनवरच्या छत्र्या आणि ८१२४ ओळी

मागच्या जुलैत चार दिवस सलग पाऊस लागला आणि आमच्या पुण्यातल्या सोसायटीच्या लॉनवर छत्र्या उगवल्या. तळहाताएवढ्या, पांढऱ्या, टोपीवर मधोमध तपकिरी खवले, आणि सगळ्या एका गोलात, म्हणजे कुणीतरी दोरी धरून आखून लावल्यासारख्या. बी विंगमधल्या एका घरात त्यातल्या सात-आठ खुडून नेल्या आणि रात्री कांदा-खोबरं घालून भाजी केली. साडेआठला जेवण झालं, साडेदहाला पहिली उलटी, आणि अकरापर्यंत घरातली तिन्ही माणसं बाथरूमच्या बाहेर रांगेत. मला फोन आला कारण मी दरवर्षी गावच्या अळंब्यांचे फोटो ग्रुपवर टाकते, त्यामुळे लोकांना वाटतं हिला कळतं यातलं. मी एवढंच सांगितलं की आधी हॉस्पिटलला निघा, किती वाजता खाल्लं आणि पहिली उलटी कधी झाली ते डॉक्टरला सांगा, आणि उरलेल्या कच्च्या छत्र्या असतील तर टाकू नका, कागदात गुंडाळून सोबत न्या. ओट्यावर दोन उरल्या होत्या. एक त्यांच्यासोबत गेली, एक मी घेतली.

तिघांना सलाईन लागलं, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी घरी आले, बरे आहेत. पण त्या रात्री मला झोप येईना म्हणून मी त्या छत्रीचा स्पोअर प्रिंट घ्यायला ठेवला. हे कुणीही घरी करू शकतं. दांडा टोपीच्या जवळून कापायचा, टोपी उलटी न करता जशी उगवलेली असते तशीच, कल्ले खाली ठेवून, कागदावर ठेवायची, अर्धी पांढऱ्या कागदावर अर्धी काळ्यावर, आणि वर स्टीलची वाटी झाकायची म्हणजे वारा लागत नाही. रात्रभरात टोपीखालच्या कल्ल्यांमधून, म्हणजे पातळ पापुद्र्यांमधून, बीजाणू खाली झडतात आणि कागदावर त्यांचा ठसा उमटतो. सकाळी वाटी उचलली तर कागदावर मळकट हिरवी पूड, मुगाच्या सालाच्या रंगाची, कल्ल्यांच्या रेषांसकट. आणि गंमत नाही, भीती वाटावी अशी गोष्ट ही की टोपी उलटी करून बघितली तर कल्ले अजून जवळपास पांढरेच होते. हिरवा रंग त्यांना उशिरा येतो, छत्री पूर्ण उमलून जुनी व्हायला लागली की. म्हणजे जो माणूस ताजी, कोवळी, छान दिसणारी बघून खुडतो त्याला हिरवं दिसतच नाही.

हिचं नाव क्लोरोफायलम मॉलिब्डायटिस. गवतात येते, गोलात येते, हिरवे बीजाणू असलेली अशी मोठी छत्री दुसरी सहज सापडत नाही, आणि अमेरिकेतल्या लॉनवरच्या विषबाधांमध्येही हिचंच नाव सगळ्यात वर असतं.

आता मी का लिहायला बसले ते सांगते. मी डेटाचं काम करते. या क्षेत्रात शिकायला येणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाने कधी ना कधी मशरूमचा डेटासेट, म्हणजे माहितीचा तयार तक्ता, वापरलेला असतो, तो १९८७ मध्ये अमेरिकेतल्या यूसीआय विद्यापीठाच्या संग्रहात ठेवला गेला. त्यात ८१२४ ओळी आहेत आणि प्रत्येक ओळीत एका छत्रीची २२ लक्षणं: टोपीचा आकार, रंग, वास, कल्ले दाट की विरळ, दांड्यावर कडं आहे का, बीजाणूंचा रंग, कुठे उगवते वगैरे. आणि एक उत्तर, खाण्याजोगी की विषारी. ४२०८ खाण्याजोग्या, ३९१६ विषारी. मॉडेल बनवा, म्हणजे उदाहरणांवरून उत्तर द्यायला शिकणारा प्रोग्राम, काही ओळींवर ट्रेन करा, उरलेल्यांवर टेस्ट करा, आणि जवळजवळ कुठलंही मॉडेल ९९ ते १०० टक्के अॅक्युरसी देतं. मीही कोर्समध्ये हे केलं होतं, १०० टक्के आले होते, स्क्रीनशॉट काढला होता.

बी विंगच्या रात्रीनंतर मी ती फाईल परत उघडली आणि यावेळी मॉडेल न बनवता नुसत्या ओळी वाचल्या. वाचल्यावर जे दिसलं ते आधी कधीच बघितलं नव्हतं.

सगळ्यात जोरदार लक्षण म्हणजे वास. नुसत्या वासावरून ९८.५ टक्के उत्तरं बरोबर येतात. बदामासारखा किंवा बडीशेपेसारखा वास असेल तर खाण्याजोगी, घाणेरडा, उग्र, डांबरासारखा असेल तर विषारी, आणि वासच नसेल तर खाण्याजोगी धरायची. या नियमातून फक्त १२० विषारी छत्र्या निसटतात, ज्यांना वास नाही. मग दुसरा नियम लावायचा, बीजाणू हिरवे असतील तर विषारी, की निसटलेल्या १२० च्या ४८ होतात. म्हणजे ७२ ओळी या हिरव्या बीजाणूंनी पकडल्या जातात. त्या ७२ ओळी बघताना मला माझ्या ओट्यावरचा कागद आठवला, कारण ती हीच असणार, आमच्या लॉनवरची, वास नसलेली, पांढरी, चांगली दिसणारी, आणि पकडायला एकच लक्षण, जे रात्रभर वाटीखाली ठेवल्याशिवाय दिसत नाही. भाजी करणाऱ्या कुणाकडे तेवढा वेळ असतो?

पण खरा प्रश्न त्याच्या पुढे आहे. या ८१२४ छत्र्या कुणी रानात जाऊन गोळा केलेल्या नाहीत. अमेरिकेतल्या छत्र्या ओळखायच्या एका पुस्तकात २३ जातींची जी वर्णनं आहेत, अगॅरिकस आणि लेपिओटा या कुळांमधल्या, त्यांच्यावरून तयार केलेल्या काल्पनिक नमुन्यांच्या या ओळी आहेत. म्हणजे एकाच जातीच्या शेकडो ओळी, थोडा रंग इकडे थोडा आकार तिकडे. आता आपण डेटा विस्कटून त्यातला काही भाग टेस्टला ठेवतो तेव्हा टेस्टमध्ये येणारी प्रत्येक जात मॉडेलने आधीच ट्रेनिंगमध्ये पाहिलेली असते. १०० टक्के येणारच. मॉडेलला न बघितलेली जात दाखवली तर काय होईल हे यावरून कळतच नाही, आणि तपासायचं म्हटलं तरी जातीचं नावच कुठल्या कॉलममध्ये लिहिलेलं नाही. (२०२१ मध्ये जर्मनीतल्या मारबुर्गच्या संशोधकांनी १७३ जातींचा मोठा डेटासेट केला, ६१०६९ ओळींचा, त्यात गोष्टी बऱ्याच सुधारल्या आहेत, पण त्याही ओळी वर्णनांवरून तयार केलेल्याच.)

आणि मग मी दांड्याच्या बुडाचा कॉलम बघितला. या कॉलममध्ये काय काय येऊ शकतं त्याची यादी दिलेली आहे, त्यात कांद्यासारखं फुगीर बूड आहे, मुळासारखं लांब आहे, आणि वाटी हाही पर्याय आहे. ज्याला छत्र्यांबद्दल थोडंसुद्धा माहिती आहे त्याला ही वाटी म्हणजे काय ते माहीत असतं. अमॅनिटा कुळातली छत्री लहान असताना एका पांढऱ्या पिशवीत असते, अंड्यासारखी, आणि ती पिशवी फाडून वर येते तेव्हा पिशवीचा उरलेला भाग दांड्याच्या बुडाशी वाटीसारखा राहतो, बहुतेक वेळा मातीखाली. जगात छत्र्या खाऊन जी माणसं मरतात त्यातली बहुतेक याच अमॅनिटा कुळातल्या डेथ कॅप नावाच्या छत्रीने आणि तिच्या जवळच्या बहिणींनी मरतात, आणि त्यांची ओळख ही वाटी. तर त्या कॉलममध्ये वाटी किती ओळींत आहे? एकाही नाही. शून्य. आणि २४८० ओळींत बुडाच्या जागी नुसतं प्रश्नचिन्ह आहे, माहिती नाही. ज्या कॉलमवर माणसाचा जीव अवलंबून आहे तो कॉलम जवळजवळ एक तृतीयांश रिकामा, आणि तरी आपलं उत्तर १०० टक्के. मी बराच वेळ त्या प्रश्नचिन्हांकडे बघत बसले होते.

डेथ कॅपचं विष कसं काम करतं हे समजून घेतल्यावर विषारी छत्री ओळखायच्या वास, चव, चांदीचं नाणं, लसूण, किडे या सगळ्या घरगुती परीक्षांवरचा माझा विश्वास पूर्ण उडाला. मुख्य विष अल्फा अमॅनिटिन. आठ अमिनो आम्लांची एक बंद अंगठी, छोटीशी. ही अंगठी पेशीत शिरून आरएनए पॉलिमरेज २ या एन्झाइमला घट्ट धरते, आणि हे एन्झाइम म्हणजे डीएनएवरचा मजकूर उतरवून घेणारा लेखनिक, तो थांबला की पेशीला नवीन प्रोटीन बनवता येत नाही आणि ती हळूहळू मरते. हळूहळू हा शब्द महत्त्वाचा आहे. खाल्ल्यावर सहा तास, बारा तास, कधी त्याहून जास्त वेळ काहीच होत नाही. मग जोरदार उलट्या-जुलाब. मग दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी बरं वाटायला लागतं, घरचे म्हणतात चला सुटलो, आणि त्याच वेळी आत लिव्हर जात असतं. पित्तातून विष आतड्यात येतं, आतड्यातून परत लिव्हरमध्ये, असं फिरत राहतं. माणसाला मारायला वजनाच्या दर किलोमागे साधारण ०.१ मिलिग्रॅम पुरतं, म्हणजे साठ किलोच्या माणसाला सहा मिलिग्रॅम, आणि एका मोठ्या छत्रीत तेवढं असू शकतं. शिजवून, वाळवून, तळून ते जात नाही, इतकी ती अंगठी पक्की आहे. चांदी काळी पडते ती गंधकामुळे, अमॅनिटिनचा चांदीशी काही संबंध नाही. गोगलगायी डेथ कॅप आरामात खातात. आणि जे वाचले त्यांच्यातल्या अनेकांनी सांगितलंय की चव छान होती.

म्हणून बी विंगवाल्यांना दोन तासांत उलटी झाली हे ऐकून मला थोडा धीर आला होता. लवकर त्रास देणाऱ्या छत्र्या बहुतेक वेळा पोटापुरत्या थांबतात. पण यावर विसंबून घरी बसायचं नाही हां, भाजीत दोन जाती मिसळलेल्या असू शकतात, एक लवकर त्रास देणारी आणि दुसरी उशिरा. २०२२ च्या एप्रिलमध्ये आसामात चहाच्या मळ्यांच्या भागात रानातल्या छत्र्या खाऊन दहाच्या वर माणसं गेली, त्यात लहान मूलही होतं. घरी आणलेली नेहमीची भाजी, बस एवढंच.

माझी एक मैत्रीण लॅबमध्ये बुरशीवर काम करते. तिला मी लॉनवरच्या छत्रीचा तुकडा वाळवून दिला. तिने आधी वर्तमानपत्राची टेस्ट केली, ही जुनी आणि साधी आहे. स्वस्त वर्तमानपत्राच्या कागदात लिग्निन असतं, त्यावर छत्रीचा रस दाबून थेंब पाडायचा, वाळू द्यायचा, वर तीव्र हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब, आणि अमॅनिटिन असेल तर तिथे निळा डाग उमटतो. (घरी करू नका, ते आम्ल हातावर पडलं तर भाजतं, आणि दुसऱ्या काही रसायनांनीही कागद निळा होतो.) आमच्या छत्रीचा कागद निळा झाला नाही. आता जरा विचार करा, टेस्ट बरोबर होती, अमॅनिटिन खरंच नव्हतं, आणि तरी त्याच छत्रीने तीन माणसं सलाईनवर घातली होती. २०२० मध्ये अमेरिकेत प्रेग्नन्सी टेस्टसारखी पट्टी निघाली आहे, दहा मिनिटांत अमॅनिटिन दाखवते, लघवीतसुद्धा, आणि हॉस्पिटलसाठी ती फार मोलाची गोष्ट आहे. पण तीही एकाच प्रकारच्या विषाबद्दल बोलते. किडनी घालवणारं ओरेलॅनिन वेगळं, त्याची लक्षणं कधी दोन-दोन आठवड्यांनी येतात. मस्करिन वेगळं. "यात विष आहे का" असा एकच प्रश्न विचारणारी टेस्ट नाही, होऊही शकत नाही.

मग तिने डीएनए काढला. बुरशीच्या पेशीत रायबोझोमच्या जनुकांच्या मधे एक तुकडा असतो, आयटीएस म्हणतात, तो तयार रायबोझोममध्ये राहत नाही, कापून टाकला जातो, म्हणून त्याच्यात जातीजातीत बदल साठत राहतात. २०१२ पासून जगभर बुरशी ओळखायचा बारकोड म्हणून हाच तुकडा ठरलाय. त्याच्या पेशीत खूप प्रती असतात, त्यामुळे शिजलेल्या भाजीतून, अगदी उलटीतूनसुद्धा तो मिळू शकतो. पीसीआर करून त्या तुकड्याच्या प्रती वाढवल्या, डीएनएचे तुकडे लांबीप्रमाणे वेगळे करणाऱ्या जेलवर सातशे बेसच्या, म्हणजे डीएनएच्या सातशे अक्षरांच्या, आसपास एक स्वच्छ पट्टी, तिने मला फोनवर फोटो पाठवला, तो मी जपून ठेवलाय. सिक्वेन्स करून, म्हणजे ती अक्षरं वाचून, डेटाबेसमध्ये टाकला आणि उत्तर तेच, क्लोरोफायलम मॉलिब्डायटिस. वाटीखालच्या हिरव्या पुडीने जे सांगितलं तेच.

मैत्रीण एक वाक्य बोलली ते माझ्या डोक्यातून जात नाही. ती म्हणाली, अगं, या अक्षरांमध्ये कुठेही विषारी असं लिहिलेलं नसतं, यात फक्त नाव आहे. विषारी हे आपण नंतर पुस्तकात बघतो. (आणि नावसुद्धा डोळे झाकून घ्यायचं नाही, सार्वजनिक डेटाबेसमध्ये चुकीच्या नावाने चढवलेले सिक्वेन्स भरपूर आहेत, ९९ टक्के जुळतंय म्हणजे ज्याने ते चढवलं त्याने जे नाव दिलं त्याच्याशी जुळतंय.)

इथे मला माझ्या डेटासेटची मूळ चूक कळली. खाण्याजोगी आणि विषारी असे दोन गट निसर्गात नाहीतच. अमॅनिटा कुळातच डेथ कॅप आहे आणि त्याच कुळात इटलीत लोक जिवापाड आवडीने खातात ती सीझरची केशरी छत्रीही आहे. उलट अमॅनिटिन बनवायची जनुकं अमॅनिटात आहेत आणि तिच्यापासून फार लांबच्या गॅलेरिना नावाच्या इवल्याशा तपकिरी छत्रीतही आहेत. २००७ मध्ये ही जनुकं पहिल्यांदा सापडली, तेव्हा कळलं की आधी ३५ अमिनो आम्लांची साखळी बनते, आणि पुढे हेही कळलं की एक खास एन्झाइम त्यातली आठ कापून अंगठी जुळवतं. म्हणजे विष हे आडनावासारखं घराण्यात सरळ चालत येत नाही, ते वंशवृक्षावर कुठेकुठे विखुरलंय. आणि खाण्याजोगी हा शिक्काही कायमचा नसतो. पॅक्सिलस नावाची छत्री युरोपात पिढ्यानपिढ्या खाल्ली जायची, ज्युलियस शेफर नावाचे जर्मन बुरशीतज्ज्ञ, आयुष्यभर छत्र्यांचा अभ्यास केलेले, १९४४ मध्ये ती खाऊनच गेले. ही छत्री वारंवार खाल्ली की कधीतरी शरीर स्वतःच्याच लाल पेशी फोडायला लागतं. वीस वेळा काही झालं नाही म्हणून एकविसाव्यांदा होणार नाही असं नाही.

म्हणून मला वाटतं मशीनला किंवा माणसाला विचारायचा प्रश्नच चुकतोय. "ही विषारी आहे का" हा प्रश्न नाही. "ही कोण आहे" हा प्रश्न आहे, आणि नाव पक्कं सांगता येत नसेल तर उत्तर फक्त "माहीत नाही" असं असलं पाहिजे. हल्ली फोटो काढून नाव सांगणारी अॅप्स आहेत, लोक वरून टोपीचा फोटो काढतात, खालचे कल्ले नाही, बूड तर नाहीच. बूड मातीतच राहिलेलं असतं.

आमच्या गावी, कुडाळजवळ, माझी आते हे सगळं न शिकता करते. तिला छत्र्यांच्या दहा जाती माहीत नाहीत, विषारी कुठल्या त्या विचारल्या तर सांगता येणार नाहीत. तिला एकच माहीत आहे, रोयणीवर, म्हणजे वाळवीच्या वारुळावर, येणारी अळंबी. शास्त्रात हिला टर्मिटोमायसिस म्हणतात, वाळवी जमिनीखाली हिची शेती करते आणि पावसाळ्यात हिच्या छत्र्या वर येतात. टोपीला मधोमध टोकदार शेंडा असतो, माती भेदून वर यायला, आणि दांडा जमिनीत मुळासारखा लांब लांब जातो, थेट खाली वाळवीच्या बागेपर्यंत, कधी हातभर. बुडाशी पिशवी नाही, वाटी नाही. आते दरवर्षी त्याच जागी जाते, कुणाला सांगत नाही कुठे, सगळ्या काढत नाही, काही तिथेच ठेवते, आणि प्रत्येक छत्री बोटांनी माती उकरून खालपर्यंत बघून मगच काढते.

मागच्या श्रावणात मी तिच्याबरोबर गेले होते. सागाच्या पानावर ती एकेक अळंबी ठेवत होती, पानाला त्या मातीचा ओला वास लागला होता. मीही शोधत होते आणि मला एक मस्त मोठी मिळाली, उकरायला गेले तर दांडा मधेच तुटला आणि बूड जमिनीत राहिलं. तरी मी ती पानावर ठेवली, बाकीच्यांसारखीच तर होती, तोच रंग, तोच शेंडा, तीच जागा. आतेने ती उचलली, उलटी केली, माझ्याकडे बघितलं.

"ह्येचो पाय खंय गेलो?"

मी म्हटलं, आते, तुटला गं, पण टोपी बघ ना, अगदी तीच आहे.

"टोपयेक काय बघतंस गो? पाय दाखय."

मी परत त्या भोकात बोट घातलं, माती भुसभुशीत होती, काही हाताला लागलं नाही. तिने ती अळंबी माडाच्या बुडात टाकून दिली आणि पुढची उकरायला वाकली.